निळ्या बाटलीची खास बाजू

माझ्या हातून आयुष्यात लबाडी अशी एकच झाली, पण ती मी रोज करत होतो. घरात कामाचं नाव निघालं की मला झोप लागायची.

खरी न्हाई. खरी झोप लागायला नशीब लागतं. ही माझी हातानं केलेली झोप. आमची गोपिकाबाई दारातून "अवं, गोठ्यातलं शेण" एवढं म्हणेस्तोवर माझा डोळा मिटलेला असायचा, अन "काढायचं हाय" हे पुढचं तिला माझ्या घोरण्याला सांगावं लागायचं. (घोरणं हळू ठेवायचं. जोरात घोरलं की बाईमाणूस हलवून उठवतं. हळू घोरलं की तिला दया येते. हे मी आजपर्यंत कुणाला शिकवलं न्हाई, तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राह्यलो.) मी मुळातच धिमा माणूस. गाडी हाकायला बसलो की बैलच मागं वळून बघायचे, हा बसला का उतरला म्हणून.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. आम्ही राजूरचे. गणपतीच्या देवळापासून हाकेवर घर, थोडं शेत, एक बैलजोडी अन चंद्री नावाची म्हैस. चंद्रीच्या कपाळावर पांढरा चांद होता. तिच्या दुधातुपावर घर चालायचं, त्यामुळं घरात पहिला मान तिचा. मंग बैलांचा. मंग आल्यागेल्या पाहुण्याचा. उरला तर माझा.

लेक इंद्रायणी लग्नाची झाली होती. वाटूरच्या रखमाजीचा पोरगा धर्मराज, त्याच्याशी जमून राह्यलं होतं. पोरगा गुणाचा. चतुर्थीला देवळापाशी दोघांनी एकमेकाला पाहिलं होतं (आम्ही ते पाहिलंच न्हाई असं धरून चाललो होतो), अन तवापासून इंद्रायणी भाकर थापताना तव्याकडं बघून हसायची. भाकरी करपायच्या, पण घर खुशीत होतं. अडचण एकच होती, अन अडचणीचं नाव होतं तुळजाबाई.

तुळजाबाई म्हणजे मुलाची माय. तिच्या अंगात देवी यायची. येईना का, आमचं काय जातं? पण ती देवी बराबर सुपारीच्या टायमाला यायची. आमच्यात पाचजणांसमोर सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्याच्यानंतर कुणी काही मागायचं न्हाई, अन मागितलं तर कुणी द्यायचं न्हाई. म्हणून देवी सुपारी फुटायच्या घडीभर आधी यायची अन मागून घ्यायची. थोरल्या पोराच्या वेळी तिनं खोगिरासकट घोडी नेली. मधल्याच्या वेळी पितळी घंगाळ अन दोन शेळ्या. कोण न्हाई म्हणणार? न्हाई म्हणलं की देवीचा कोप, अन पाहुण्यांची दमणी गाडी माघारी.

मध्यस्थ होता माझा चुलतभाऊ म्हस्कू. तो एक दिवस ओसरीवर येऊन बसला अन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. म्हस्कू जमीन उकरू लागला की समजायचं, बातमी वाईट.

"कडूबा," तो म्हणाला, "ह्या टायमाला देवीला म्हैस लागणार, असं दिसून राह्यलं."

"देवीनं तुला सांगितलं?"

"देवीनं कशाला? वाटूरला गेल्तो, त्यांची म्हैस आटली."

आत ताक घुसळणाऱ्या गोपिकाबाईच्या हातातली रवी थांबली. "आमची चंद्री?"

"वहिनी, मी नाव घेतलं न्हाई."

"लेक तर जाणारच हाय. म्हैसबी गेली, मंग मी कुणाच्या तोंडाकडं बघून दिवस काढू? ह्यांच्या?"

मी डोळे मिटले.

"बघा! झोपले!"

झोपल्या-झोपल्या मी सगळं ऐकलं. म्हैस दिली तर चूल कशी पेटायची? न्हाई दिली तर लेकीचं हसू जायचं. शेवटी गोपिकाबाईनं असं ठरवलं की पाहुणचारच असा करायचा की देवीला मागायची लाज वाटावी. तिनं तुपाचं गाडगं भरलं, वर फडकं बांधलं, अन मला जालन्याला धाडलं. तूप विकायचं अन इहीणबाईला चांगला खण अन मंडळींना लावायला अत्तराचा फाया आणायचा.

"दोनच वस्ता," ती म्हणाली. "खण अन अत्तर. तिसरीकडं बघायचं न्हाई."

मी तिसरीकडंच बघितलं.

जालन्याला जिनिंगवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, अन त्याच्या बंगल्यासमोर सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, चालू होता. मी म्हणलं बघू. बघायला काय खर्चा? खुर्च्या गेल्या. लोखंडी खाट गेली. साहेबाचा आंघोळीचा पांढरा टब एका शेतकऱ्यानं सरकी भिजवायला घेतला. लोक पांगले. मी धिमा, मी राह्यलो. टेबलावर एकच वस्तू शिल्लक होती, अन तिच्यामागं पांढऱ्या दाढीचा खानसामा माशा हाकत बसला होता.

ती वस्तू म्हणजे बोटाएवढी चांदीची बाटली. वरून निळा मिना, पिकल्या जांभळासारखा, अन त्यात पांढरी बारीक फुलं. गंमत अशी की तिला बूड नव्हतं. दोन्हीकडं तोंडच. एका तोंडाला आट्याचं झाकण, दुसऱ्याला चापाचं.

"अत्तरदानी आहे बाबा," खानसामा म्हणाला. तो जालन्याचाच, मराठी बराबर बोलायचा. "साहेबाच्या आजीची. विलायती काम. लोकांना वाटतं सुरमा, वाटतं चुना. कोणी घेत नाही."

"दोन तोंडं काहून?"

"ही आट्याची बाजू रोजची. मडम हातरुमालाला लावायची. अन ही चापाची बाजू खास. दोन-चार महिन्यांतून एकदा लागायची. पण लागायची तेव्हा बिलकुल जल्दी लागायची. साऱ्या बंगल्यात पळापळ. बाटली लाव, बाटली लाव!"

मी पुढं काही विचारलं न्हाई. (एवढंच विचारलं असतं की कशाला लागायची, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याजवळ काही नसतं.) मी मनाशी हिशेब लावला. आमच्या घरी जाडीभरडी भाकर रोजची, पुरणाची पोळी कधीमधी. गोधडी रोजची, गालिचा पाहुण्यापुरता. म्हणजे जे कधीमधी निघतं ते भारी. अन ज्याच्यासाठी सारं घर पळतं ते तर लईच भारी. ही खास बाजू राजेरजवाड्यांच्या अत्तराची असणार. अशी अत्तरदाणी समोर ठेवली तर देवी काय, देवीचा बापसुद्धा म्हैस मागणार न्हाई.

खानसाम्यानं तुपाचा वास घेतला. मी गाडगं ठेवलं, बाटली उचलली, अन खण तिकडंच दुकानात राह्यला.

घरी आलो तर गोपिकाबाई उंबऱ्यातच उभी.

"खण?"

"त्याच्यापेक्षा..."

"तूप?"

मी बाटली काढली. तिनं ती उलटी केली, सुलटी केली, पण बाटलीला उलटं-सुलटं नव्हतंच, त्यामुळं तिचा राग आणखी वाढला. "ह्याला बूडबी न्हाई! तुमच्यासारखंच, कुठं टेकवावं ते कळत न्हाई! अख्खं गाडगं तूप दिलं ह्याला? अवं, बोला की! अवं!"

मी हळू घोरू लागलो.

सकाळी उठलो तर ही चुलीपाशी आट्याचं झाकण काढून नाकाशी धरून बसली होती. आत तळाला थोडं अत्तर होतं. कुठल्या फुलाचं ते सांगता येईना, पण आमच्याकडचं न्हाई एवढं नक्की. तिचं कपाळ जरा सैल झालं होतं. मंग तिचा अंगठा चापाकडं गेला.

"हां हां! तिला हात लावू नको. ती खास बाजू."

"वास तर घेऊ द्या."

"नैवेद्याचा वास आधी आपण घेतो का? देवाला वाहायचं फूल हुंगतो का? ते मोठ्या मानाचं अत्तर. ज्याचा मान त्यानं आधी."

तिनं अंगठा मागं घेतला. आमच्या संसारात माझं म्हणणं तिनं ऐकलं ते एवढंच, अन ते ऐकायला नको होतं.

ठरल्या दिवशी वाटूरची दमणी आली. पुढं रखमाजी. उंच, वाकलेला, बोलण्याआधी बायकोकडं बघणारा माणूस. त्याच्यामागं नव्या लुगड्यात तुळजाबाई. ती उतरली अन हातपाय धुवायचं पाणी ओसरीवर ठेवलेलं असताना सरळ गोठ्यात गेली. तिथं तिनं चंद्रीला पुढून बघितलं, मागून बघितलं, कासेवर हात फिरवला.

"दुसरं वेत का?" तिनं विचारलं.

"तिसरं," गोपिकाबाई दात आवळून म्हणाली.

ओसरीवर घोंगड्या टाकल्या होत्या. एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाया. पाचजण शेजारी बोलावले होते. खणाचं म्हणाल तर गोपिकाबाईनं पेटीतला स्वतःचा ठेवणीतला खण काढून इहीणबाईची ओटी भरली, अन भरताना माझ्याकडं असं बघितलं की मी आपोआप खांबाला टेकलो. मंग मी उठून अत्तर लावायला घेतलं. आट्याचं झाकण काढायचं, बोट ओलं करायचं, एकेकाच्या मनगटावर लावायचं. माणसं मनगट नाकाला लावून बसली. साऱ्यांच्या नजरा बाटलीवर.

"अन ही दुसरी बाजू कशाची?" तुळजाबाईनं पलीकडून विचारलं.

"ती खास हाय इहीणबाई. मोठ्या मानाची. वेळ आली की काढू."

ती मनातून खुश झाली. पदर सारखा केला अन मान ताठ करून बसली.

म्हस्कूनं ताटात पान ठेवलं, पानावर सुपारी. हातात दगडी बत्ता घेतला. "तर मंडळी, पाचजणांच्या साक्षीनं..."

"हूंऽऽ!"

आली.

तुळजाबाईचा अंबाडा सुटला. ती घुमत घुमत बायांतून उठून मधोमध येऊन बसली. आमचे शेजारी हात जोडून "उदो, उदो" म्हणू लागले. म्हस्कूचा बत्ता वरच्या वर राह्यला. दाराआड इंद्रायणी उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या ते मला इकडं ऐकू येऊन राह्यलं होतं.

"रखमाऽऽ!" देवी ओरडली.

रखमाजी ताडकन उठून हात जोडून उभा राह्यला. आता बघा, आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मरेस्तोवर घेत न्हाईत. पण देवीला कसली बंदी? ती रखम्या म्हणू दे न्हाईतर अजून काही.

"जी आई," रखमाजी म्हणाला.

"रखम्या, माझा मान कुठाय?"

"सांग आई, काय पाह्यजे?"

"मला पाह्यजे... हूंऽऽ... काळी! कपाळी पांढरा चांद! तिसऱ्या वेताची! दाव्यासकट मला पाह्यजे..."

गोपिकाबाईनं पदर तोंडात कोंबला. मला झोप घ्यावी असं फार वाटलं, पण लेकीच्या बांगड्या वाजतच होत्या. अन मंग डोक्यात उजेड पडला. अरे, देवी मान मागून राह्यली! मान तर आपल्या हातात हाय. साऱ्या घरात आत्ता देवीपेक्षा मोठं कोण? खास बाजू आत्ता न्हाई काढायची तर कवा?

(खोटं सांगत न्हाई, मी खऱ्या भक्तीनं गेल्तो. पुढं लोकांनी मला हुशार म्हणलं, ते मी पंधरा दिवस ऐकून घेतलं, एवढाच काय तो माझा गुन्हा.)

मी गुडघ्यावर चालत गेलो. "आई, गरिबाची सेवा गोड मानून घे." डोळे मिटले, चाप दाबला. टक. झाकण उडालं. बाटली नेऊन मी देवीच्या नाकाला बराबर लावली. देवी त्याच वेळी पुढच्या हुंकारासाठी श्वास ओढून राह्यली होती, लांब, पोटापासून.

तो सारा श्वास बाटलीतून गेला.

एक घडी काहीच झालं न्हाई. मंग देवीचे डोळे कपाळाला गेले, तोंड उघडलं ते उघडंच राह्यलं, अन मला वास आला. अत्तराचा न्हाई. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो तवा निघतो तो वास, त्याच्यात वर्षभर न झाडलेला गोठा मिसळलेला. मिरच्या जाळल्यासारखा तो थेट मेंदूत चढला. (चक्कर आलेल्या मडमेला शुद्धीवर आणायचे खडे होते ते आत, हे मला मागाहून कळलं.)

"अगं माय गं!" देवी उडाली. "मेले! मेले! नाक जळालं! अवं! अवं, कुठं हाव? पाणी आणा की जल्दी!"

शेजारच्या म्हातारीनं "उदो" म्हणायला हात वर केला होता, तो तसाच राह्यला. कारण देवी रखमाजीला "अवं" म्हणाली होती.

रखमाजी तांब्या घेऊन आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून राह्यलं होतं. बाटलीचं का आणखी कशाचं ते मला सांगता येत न्हाई. त्यानं हळूच विचारलं, "आई गेली का?"

"गेली!" तुळजाबाई शिंकत म्हणाली. दुसरं काय म्हणणार? अवं म्हणून बसली होती. पाचजणांसमोर.

"जाताना काय मागून गेली?" पाचजणांतल्या एकानं विचारलं.

साऱ्यांनी म्हस्कूकडं बघितलं. म्हस्कू सावकाश म्हणाला, "काळी म्हणाली. चांद म्हणाली. दावं म्हणाली. पण नेमकं काय, ते बोलली न्हाई."

"मंग आपण आपल्या मनानं कसं धरायचं?" रखमाजी म्हणाला. तीस वर्षांत बायकोकडं न बघता बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य असावं. "देवीच्या तोंडी आपले शब्द घालणं बरं न्हाई. म्हस्कू, फोड सुपारी."

तुळजाबाई काहीतरी म्हणायला गेली, पण तिला शिंक आली. शिंक संपेस्तोवर सुपारीचे चार तुकडे झाले होते.

पुरणपोळी झाली. तूप नव्हतं (ते जालन्याला खानसाम्याच्या घरी होतं), पण मंडळींनी चंद्रीच्या दुधाशी खाल्ली. निघताना रखमाजीनं मला गोठ्यामागं नेलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन माझा हात धरला.

"इवाई, पोरीसंगं काही देऊ नका. एका लुगड्यावर धाडा, आम्ही जपू. पण मला एक वस्त पाह्यजे."

"सांगा इवाई."

"ती बाटली." त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. "दर आमुशा-पुनवेला आई येती. मला रखम्या म्हणती अन पहाटेपर्यंत पाय चेपून घेती. तीस वर्षं झाली. बोटं बघा माझी."

मी बोटं बघितली. बाटली दिली.

त्याच्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. चंद्री गोठ्यात, लेकीचं लग्न ठरलेलं, अन गोपिकाबाई विहिरीवर साऱ्या बायांना सांगत होती, "आमचं माणूस दिसायला तसं हाय, पण आतून लई खोल." मी झोप घेतली तरी ती अंगावर चादर टाकायची.

लग्न झालं, वर्ष झालं. पहिल्या बाळंतपणाला इंद्रायणीला पोचवायला तुळजाबाई स्वतः आली. बाई निम्मी झाली होती, म्हणजे बोलण्यात. दुपारी दोघी इहिणी चुलीपाशी बसल्या. मी ओसरीवर होतो, डोळे मिटून.

"इहीणबाई, तुमच्याकडं आता देवी येती का?" आमच्या हिनं विचारलं.

"कशाची येती! जरा घुमायला लागलं की हे कमरेची बाटली चाचपतेत. मंग मीच म्हणलं, आई, तू देवळातच बरी. अन एक दिवस ह्यांच्या धोतरातून ती बाटली काढून घेतली. आता माझ्याजवळच हाय. तुमचं कसं काय?"

"माझं काय सांगू? घरात देवी न्हाई, पण झोप हाय. काम म्हणलं की ह्यांचा डोळा लागतो. खोटा हाय, मला ठावं हाय. पण झोपलेल्या माणसाला काय म्हणायचं?"

मी घोरणं जरा खरं करायचा प्रयत्न केला. मंग तुळजाबाई म्हणाली, "हे घ्या. तुमच्याच घरचं हाय."

दुसऱ्या दिवशी "अवं, गोठ्यातलं शेण" असा आवाज आला. मी नेमानं डोळे मिटले, हळू घोरू लागलो. पावलं जवळ आली. मंग कानापाशी आवाज झाला.

टक.

मी उठलो तो सरळ गोठ्यात गेलो. शेण काढलं, खोरं धुतलं, चंद्रीला पाणी दाखवलं, अन कुणी सांगितलं नसताना सरपण फोडलं. डोळ्यांचं पाणी दुपारपर्यंत थांबलं न्हाई. चंद्री माझ्याकडं बघून राह्यली होती, हा कोण आला म्हणून.

तवापासून मी सात साल काम केलं. बाटली नाकापर्यंत यायची वेळच आली न्हाई. नुसतं 'टक' वाजलं की मी उभा. शेतात असलो अन कुणी अडकित्ता वाजवला तरी उभा. गावात लोक म्हणू लागले, कडूबा म्हातारपणी सुधारला.

मंग एक दिवस गोपिकाबाई जेवण झाल्यावर पान लावत बसली होती. हातात पान, मांडीवर कात, तंबाखू. मला म्हणाली, "अवं, त्या कोनाड्यातली निळी बाटली द्या जरा. चुना हाय तिच्यात."

मी बाटली हातात घेऊन उभाच राह्यलो. "चुना? हिच्यात? कवापासून?"

"कवापासून म्हणजे? इंद्रायणीच्या पहिल्या लेकराच्या बारशापासून. ते आतले खडे तर तुम्हाला पहिल्यांदा उठवलं त्याच महिन्यात उडून गेले." तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, चाप दाबला, टक, बोटानं चुना काढून पानाला लावला, अन माझ्याकडं न बघता म्हणाली, "उभेच हाव तर गोठ्यातलं शेण काढून या."